'चाकाची खुर्ची' : रूपक आणि वस्तू

अपंग व्यक्तींच्या आत्मकथनांकडे जिद्दीची गाथा म्हणून पाहण्याची प्रथा मराठी समीक्षेत रुळली आहे. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथनही त्यातून सुटलेले नाही. वस्तुतः या ग्रंथाचे शीर्षक एका साध्या वस्तूचे नाव आहे. किशोरवयात कमरेखालील संवेदना गमावलेल्या व १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड'च्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या लेखिकेला ही वस्तू रूपक म्हणून सुचलेली नाही. ती त्यांची रोजची गरज होती. समीक्षक मात्र खुर्चीचे प्रतीक करतात आणि तिची मापे विसरतात.

यवतमाळ जिल्ह्यातून हा ग्रंथ वाचताना ही उणीव विशेष जाणवते. आत्मकथनाचा परिसर मुख्यतः शहर, नोकरी आणि संस्था यांचा आहे. कपाशीच्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यात, रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी घडविलेल्या खुर्चीची पुढची अरुंद चाके रुततात. उंबरठा तर पुढेच आहे. बैठक प्रमाणाबाहेर रुंद असली की पाठीचा कणा कलतो व हात चाकापर्यंत नीट पोहोचत नाहीत. संवेदना नसलेल्या शरीराला योग्य गादी न मिळाल्यास दाबाने जखमा होतात, आणि त्या जीवघेण्या ठरू शकतात. अशी फुकट मिळालेली खुर्ची स्वस्त कशी म्हणावी?

केंद्र शासनाची साहाय्यक साधनांची योजना १९८१ पासून आहे. तथापि वाटप झालेल्या नगांची संख्या हे तिच्या यशाचे पुरेसे गमक नव्हे. मोजमाप, जुळवणी, वापराचे शिक्षण व दुरुस्ती ही खुर्ची पुरविण्याचीच अंगे होत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणारे अमेरिकन अभियंते राल्फ हॉचकिस १९८० मध्ये निकाराग्वात गेले, तेथील अपंग कारागिरांबरोबर स्थानिक बाजारात मिळणाऱ्या नळ्यांतून खुर्च्या घडवू लागले. खडबडीत वाटांसाठी पुढे रुंद रबरी चाके बसविण्याची रचनाही त्यांच्या कार्यात विकसित झाली.

पुसद, वणी, दारव्हा येथे फाटके, ट्रॉल्या जोडणारे कारागीर आहेत. लोखंडी नळी वाकविणे त्यांना अवघड नाही. अवघड आहे ते बसणाऱ्याच्या मांडीची लांबी, नितंबांची रुंदी व घराच्या दाराची रुंदी मोजून मगच नळी कापणे. 'चाकाची खुर्ची' अभ्यासक्रमात नेमताना अभियांत्रिकी व समाजकार्य या शाखांच्या अध्यापकांनाही ती वाचावयास द्यावी.