कळ आणि अक्षर : लिनक्सच्या कर्नेलमधील कळफलक व माऊस यांच्या योजनेचे परीक्षण

१

कळफलकावरील कळ दाबणे आणि पडद्यावर अक्षर उमटणे या दोन घटना इतक्या लागोपाठ घडतात की, त्यांमध्ये काही अंतर आहे याची जाणीव लिहिणाऱ्यास सहसा होत नाही. वस्तुतः ते अंतर मोठे आहे. कळ ही यंत्राची वस्तू आहे, अक्षर ही भाषेची. एकीचे दुसऱ्यात रूपांतर कोणी करावे, आणि ते यंत्रणेच्या कोणत्या थरावर व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक असला तरी परिणामांच्या दृष्टीने भाषिक आहे. लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, कळफलक आणि माऊस यांच्या ड्रायव्हरांची जी योजना आढळते, तिचे परीक्षण या प्रश्नाच्या अनुरोधाने येथे करावयाचे आहे.

या योजनेचे तत्त्व ध्यानी येण्यास पुण्याच्या दक्षिणेस असलेल्या कात्रजचे उदाहरण उपयोगी पडेल. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, सुमारे १७५० साली, कात्रज येथे बांध घालून अडविलेले पाणी बंदिस्त दगडी नळातून, केवळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांपर्यंत आणण्यात आले. वाटेत बांधलेले उच्छ्वास नळातील हवेचा दाब मोकळा करीत. नळाचे काम पाणी पोहोचविणे एवढेच होते. हौदावर आलेले पाणी कोणी पिण्यास न्यावे आणि कोणी बागेस द्यावे, याचा निर्णय नळ करीत नसे. कर्नेलकडून अपेक्षा आहे ती याच स्वरूपाची. अर्थात हा दृष्टांत एका मर्यादेपर्यंतच चालतो. नळात पाण्याचे पाणीच राहते. संगणकात मात्र प्रत्येक थर हाती आलेल्या वस्तूचे रूप बदलून ती पुढे देतो. म्हणून कोणत्या थराने काय बदलावे, याचा विवेक तेथे आवश्यक ठरतो.

२

'कात्रज' हा शब्द इनस्क्रिप्ट पद्धतीच्या कळफलकावर लिहिला असता काय घडते ते पाहावे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या आणि पुढे १९९१ च्या 'आय एस १३१९४' या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या या पद्धतीत कळींची मांडणी वर्णमालेच्या तत्त्वावर केलेली आहे. त्यानुसार या शब्दास सहा कळा लागतात : क, काना, त, हलन्त, र आणि ज. इंग्रजी कळफलकावर याच कळांवर अनुक्रमे के, ई, एल, डी, जे आणि पी ही अक्षरे छापलेली असतात.

यांपैकी पहिलीच कळ घ्यावी. जुन्या पीएस/२ जोडणीचा कळफलक तिच्यासाठी आपल्या नेहमीच्या संचातील ६६ हा संकेत पाठवितो. यूएसबी कळफलक त्याच कळीस १४ म्हणतो. या भिन्न बोलींचे एकीकरण करणे हे कर्नेलचे पहिले, आणि निर्विवादपणे योग्य, असे कार्य होय. दोन्ही वाटांनी आलेला संकेत अखेरीस ३७ या एकाच क्रमांकात परिणत होतो. संपूर्ण शब्दापुरते पाहिले तर ३७, १८, ३८, ३२, ३६ आणि २५ असे सहा क्रमांक, प्रत्येकाबरोबर कळ दाबली गेली की सुटली याची नोंद आणि वेळ, इतकेच कर्नेल वर पाठविते. त्यात 'क' नाही आणि 'के'ही नाही. क्रमांकाचे अक्षर होते ते वरच्या थरावर, मांडणीच्या तक्त्यात. अक्षरांचे जोडाक्षर होते ते त्याहून वर, टंकाची आकारजुळणी करणाऱ्या व्यवस्थेत.

या तटस्थतेचे मोल मराठीस किती आहे, ते एका प्रसिद्ध भेदावरून कळते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. रफार आणि अर्धचंद्री र यांतील हा भेद मराठीच्या लेखनात अर्थभेदक आहे. इनस्क्रिप्टमध्ये साधा र आणि 'ऱ' एकाच कळीवर आहेत. दुसऱ्यासाठी शिफ्ट दाबावी लागते. म्हणजे कर्नेलच्या दृष्टीने समुद्र आणि दऱ्या यांत फरक तो काय, तर ४२ क्रमांकाची शिफ्टची कळ मध्ये एकदा दाबली गेली आणि सुटली. तो फरक कर्नेल अचूक कळविते आणि त्याचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडत नाही. ज्या भाषेचे नियम आपणांस ठाऊक नाहीत तिच्या बाबतीत याहून अधिक सभ्य वर्तन यंत्राकडून संभवत नाही.

३

ही तटस्थता मात्र आरंभापासून नव्हती. १९९१ अखेरच्या लिनक्सच्या ०.११ या आवृत्तीत कळफलकाची भाषा कर्नेलचे संकलन करतानाच ठरवावी लागे. फिनिश, अमेरिकन, जर्मन आणि फ्रेंच असे चारच पर्याय होते, आणि मूळ प्रतीत फिनिश हा निवडलेला असे. कारण कर्ता हेलसिंकीचा विद्यार्थी होता. भाषा बदलणे म्हणजे गाभाच नव्याने घडविणे. पुढे कीमॅप बाहेरून भरण्याची सोय झाली, आणि डिसेंबर १९९३ नंतर बरोबर दहा वर्षांनी, म्हणजे डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीत व्होइटेख पाव्हलिक यांनी रचलेला एकसंध 'इनपुट' थर सर्व उपकरणांस लागू झाला. कळफलक, माऊस, खेळाची दांडी, स्पर्शपट्टी या सर्वांच्या घटना तेव्हापासून एकाच साच्यात येऊ लागल्या.

याच्या अगदी उलट मार्ग पुण्यातच चोखाळला गेला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट'चे कार्य १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत, गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात, आले. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की कळफलक आणि पडदा यांच्या मध्ये तेच उभे राही, आणि केवळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील आज्ञावल्यांतही भारतीय लिप्या दिसू लागत. येथे भाषा सर्वांत खालच्या थरात, प्रत्यक्ष यंत्रात, वसविली होती. तत्त्वतः हे चुकीचे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु वरचे थर जेव्हा देवनागरीस मुळीच थारा देत नव्हते, तेव्हा खालून प्रवेश करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. थरांची शुद्धता ही वरच्या थराने आपले काम केले तरच सद्गुण ठरते. हे एक वाक्य पुढील विवेचनाची किल्ली होय.

४

आजच्या कर्नेलची कॉन्फिगरेशन, म्हणजे त्यातील घटकांची निवड आणि जुळणी, या कसोटीवर तपासली असता संमिश्र चित्र दिसते. माऊसच्या बाबतीत तत्त्व स्वच्छ आहे. माऊस आडवा किती सरकला आणि उभा किती सरकला, एवढेच कर्नेल कळविते. दर्शकबाण पडद्यावर कोठे आहे हे त्यास ठाऊक नसते, आणि गतीला वेग किती द्यावा हे वरचा थर ठरवितो. परंतु जुन्या आज्ञावल्यांच्या सोयीसाठी ठेवलेल्या 'माऊसडेव्ह' या घटकात पडद्याची रुंदी आणि उंची कर्नेलच्या कॉन्फिगरेशनमध्येच लिहून ठेवण्याची तरतूद आहे, आणि तेथील गृहीत आकडे १०२४ व ७६८ हे आहेत. जो पडदा कर्नेलच्या या घटकाने कधी पाहिला नाही, त्याचे माप त्याने गृहीत धरावे, हा थरांच्या मर्यादेचा भंगच आहे. नव्या यंत्रणा हा घटक वापरीत नाहीत म्हणून तो उपद्रव देत नाही, इतकेच.

ॲपलच्या कळफलकांसाठी असलेल्या ड्रायव्हरात याहून सूक्ष्म प्रकार आढळतो. कोणत्या दोन कळांची अदलाबदल करावी, वरच्या ओळीतील कळांनी प्रथम कोणते काम करावे, याचे पर्याय तेथे मॉड्यूलच्या मापदंडांत दिलेले आहेत. सदोष किंवा विचित्र संकेत पाठविणाऱ्या उपकरणाची दुरुस्ती करणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य खरे. परंतु वापरणाऱ्याच्या सवयीची सोय पाहणे हे त्याचे क्षेत्र नव्हे. येथे दुरुस्ती आणि आवड यांची सरमिसळ झाली आहे.

सर्वांत महत्त्वाचा अपवाद मात्र सहसा अपवाद म्हणून लक्षातच येत नाही. कर्नेलच्या स्वतःच्या कन्सोलसाठी, म्हणजे चित्रमय व्यवस्था नसताना दिसणाऱ्या अक्षरपटासाठी, गाभ्यात एक कीमॅप जन्मतःच भरलेला असतो, आणि तो अमेरिकन इंग्रजीचा असतो. इनपुट थर निर्भाष आहे हे खरे, पण त्याच गाभ्यात एक भाषा आधीच बसलेली आहे. तो कीमॅप बदलता येतो. इनस्क्रिप्टची बहुतेक अक्षरेही त्यात युनिकोड क्रमांकांच्या रूपाने घालता येतील. अडते ते पुढे. कन्सोलच्या टंकात ५१२ हून अधिक आकार मावत नाहीत, आणि प्रत्येक संकेतास एक घर, आले त्या क्रमाने, अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे 'कात्रज' मधील त, हलन्त आणि र यांचे 'त्र' होत नाही, आणि 'कवि' मधील ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी जात नाही. लेखन आत पोहोचते, पण वाचता येत नाही.

५

या त्रुटीचे परिणाम प्रत्यक्षात कोठे भोगावे लागतात? संगणक सुरू होताना, म्हणजे वरचे थर अजून जागे झालेले नसताना.

पहिला प्रसंग कळफलक मूकच राहण्याचा. कर्नेलमधील प्रत्येक ड्रायव्हर गाभ्यात कायमचा बसविता येतो, मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवता येतो, किंवा गाळता येतो. चकती सांकेतिक रूपात कुलूपबंद असेल, तर तिची गुप्तओळ विचारली जाते ती मॉड्यूल असलेली चकती उघडण्यापूर्वी. अशा वेळी यूएसबी कळफलकाचा ड्रायव्हर केवळ त्या चकतीवरच असेल, तर कळफलकावाचून चकती उघडत नाही आणि चकतीवाचून कळफलक चालत नाही, असे दुष्टचक्र निर्माण होते. आरंभीच्या निवडसूचीत तोच कळफलक चालत असल्यामुळे दोष कोठे आहे हे उमगत नाही. तेथे तो फर्मवेअरच्या साहाय्याने चाललेला असतो. विद्यार्थ्यांच्या हातून येथे नेहमी होणारी चूक म्हणजे कळफलकाचा ड्रायव्हर बसविणे, पण ज्या यूएसबी नियंत्रकामार्फत तो जोडला आहे त्याचा ड्रायव्हर विसरणे. साखळीतील एक कडी गळली की बाकीच्या असूनही व्यर्थ.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर, कारण त्यात सर्व कड्या शाबूत असतात. समजा, एखाद्याने चित्रमय व्यवस्थेत, इनस्क्रिप्ट लावून, 'कात्रज' हीच गुप्तओळ ठरविली. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात तिच्या सहा संकेतांचे अठरा बाइट होतात, आणि कुलूप त्या अठरा बाइटांचे बनते. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होताना अमेरिकन कीमॅप लागू असतो. बोटे त्याच सहा कळांवर पडतात, कर्नेल तेच सहा क्रमांक नोंदविते, परंतु कुलपापर्यंत पोहोचतात ती सहा इंग्रजी अक्षरे, म्हणजे सहाच बाइट. दार उघडत नाही. माणसाने योग्य तेच लिहिले, यंत्राने योग्य तेच ऐकले, आणि तरीही माहिती गमावण्याची वेळ आली. टंकलेली ओळ पडद्यावर दिसत नसल्याने चूक कळण्याचा मार्गही उरत नाही.

या प्रसंगी कर्नेलचा इनपुट थर निर्दोष आहे, असे म्हणता येईल. आणि ते खरेही आहे. परंतु जेथे वरचा थर अनुपस्थित असतो तेथे तटस्थता टिकत नाही. तेथे कोणती तरी भाषा गृहीत धरावीच लागते, आणि ज्याने निवड केली नाही त्याच्या वतीने ती निवड पूर्वीच झालेली असते. जिस्टच्या काळी वरच्या थराचा अभाव सर्वत्र होता. आज तो आरंभकाल आणि संकटकालीन कन्सोल एवढ्यापुरता उरला आहे. क्षेत्र आकुंचले, प्रश्न तोच राहिला.

६

यावरून कॉन्फिगरेशन करणाऱ्याने काय घ्यावे, हे स्पष्ट आहे. कळफलक आणि माऊस यांस एका मापाने मोजू नये. माऊसचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवले तरी बिघडत नाही. कळफलकाची संपूर्ण साखळी, नियंत्रकापासून ड्रायव्हरापर्यंत, गाभ्यात तरी असावी किंवा आरंभी स्मृतीत भरल्या जाणाऱ्या प्रतिमेत तरी असावी. त्या प्रतिमेत कोणता कीमॅप जातो हे प्रत्यक्ष तपासावे. ज्या ठिकाणी देवनागरी वाचता येणार नाही तेथील गुप्तओळ देवनागरीत ठेवू नये. हा भाषेचा अवमान नसून व्यवस्थेच्या आजच्या मर्यादेची कबुली आहे.

परंतु अशी कबुली हा शेवट मानणे योग्य नाही. देवनागरीची आकारजुळणी कर्नेलमध्ये घालावी, अशी मागणी कोणी केल्यास ती अमान्यच करावी लागेल. तसे करणे म्हणजे चार पर्यायांच्या जुन्या आवृत्तीकडे, केवळ यादी लांबवून, परत जाणे होय. उपाय विरुद्ध दिशेस आहे. कन्सोल हाच कर्नेलच्या बाहेर काढून, आकारजुळणी जाणणाऱ्या थरात नेला पाहिजे. केएमएसकॉन नावाने तसा प्रयत्न झालेला आहे. कळफलकाच्या बाबतीत लिनक्सने २००३ साली जो विवेक दाखविला, तोच पडद्याच्या बाबतीत पूर्ण व्हावयाचा आहे. गाभ्याने कळ सांगावी, अक्षर सांगू नये; आणि ज्याला अक्षर ठाऊक आहे असा थर यंत्राच्या पहिल्या क्षणापासून जागा असावा. या दोहोंपैकी पहिली अट आज बव्हंशी पुरी झाली आहे. मराठी लिहिणाऱ्याचे हित दुसरीत आहे.