‘परंपरा विरुद्ध मी’: रखमाबाईंचा खटला कसा वाचायचा?

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘सांस्कृतिक अपेक्षा आणि वैयक्तिक ओळख यांतला समतोल’. ऐकायला छान आहे, पण अडचणीचं आहे. संस्कृती ही एकसंध गोष्ट आहे आणि व्यक्ती तिच्या बाहेर उभी आहे, असं आपण त्यात आधीच धरून चालतो. सुधीर चंद्र यांचं ‘एन्स्लेव्हड डॉटर्स’ (१९९८) या गृहीतकालाच धक्का देतं.

खटला मुंबई हायकोर्टातला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला: संसार सुरूच झाला नव्हता, मग पुनर्स्थापना कशाची? अपिलात हा निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

आता ‘संस्कृती’ कुठे आहे ते शोधा. ‘केसरी’ने रखमाबाईंना विरोध केला तो धर्माच्या नावाने. पण दावाच मुळात इंग्लंडच्या चर्च-कोर्टांतून आलेल्या कायद्यावर उभा होता. उलट रखमाबाईंच्या सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. त्यांच्या आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी असंच लग्न केलं होतं. म्हणजे ‘हिंदू परंपरा’ म्हणून जे पुढे केलं गेलं, त्यात वरच्या जातींचा आदर्श होता आणि इंग्रजी कायदाही. सुधीर चंद्र निकालपत्रं, वर्तमानपत्रं आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली ‘अ हिंदू लेडी’ या नावाने आलेली रखमाबाईंची पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचतात. पद्धत म्हणून हे शिकण्यासारखं आहे.

माझा आक्षेप एकच. पुस्तकाचा भर खटल्यावर आहे, त्यामुळे लंडनला शिकून सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉक्टर रखमाबाई मागे राहतात. त्यासाठी मोहिनी वर्दे यांचं मराठी चरित्र जोडीला घ्यावं लागतं. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेश घेतला, असं सांगितलं जातं. ‘समतोल’ची चौकट इथे पार कोलमडते. ही माघार होती? एकट्या डॉक्टर बाईला समाजात वावरायला लागणारं कवच? की स्वतःच्या अटींवर मान्य केलेलं नातं? घाईने उत्तर देऊ नका. वेश ही कृती आहे, कबुलीजबाब नव्हे.

तेव्हा गिरगाव-परळमध्ये मुलाखतींना निघण्याआधी प्रपोजलमधलं ते वाक्य खोडा आणि तीन प्रश्न लिहा: अपेक्षा नेमकी कोणाची? ती लादायची ताकद कुठून येते? आणि तीच व्यक्ती ती अपेक्षा कुठे नाकारते, कुठे वापरते?

हा इतिहास संपलेला नाही. रखमाबाई १९५५ मध्ये वारल्या. त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ आलं: वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना.