मधल्या जागेतला ट्रंपेट

जॅझ म्हटलं की आपल्यातले शिकलेले नाक मुरडतात. साहेबलोकांच्या हॉटेलातलं नाचगाणं, आपला काय संबंध? आणि ट्रंपेट म्हटलं की आणखीच. लगीनसराईत राजापेठेतून वरात निघते तेव्हा पुढं ट्रंपेट असतो, आणि तो फुंकणारा बहुधा कोणत्या वस्तीतून येतो हे सांगायची गरज नाही. गावगाड्यानं डफडं आपल्या गळ्यात जातीनं अडकवलं, म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीत कित्येकांनी वाजवणंच सोडलं. बरोबरच केलं. पण भांडण वाद्याशी नव्हतं. कोणाच्या हुकमानं वाजवायचं आणि किती वेळ, याच्याशी होतं. ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' ही रेकॉर्ड ऐकताना तेच भांडण आठवतं.

आधी आपल्याकडचं पाहू. 'अलबेला', 1951. भगवानदादा जन्मानं अमरावतीचे, संगीत सी. रामचंद्रांचं. पण त्या गाण्यांमागं आणखी एक माणूस उभा आहे, रामचंद्रांचा सहायक चिक चॉकलेट. असल नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म 1916. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सिनेमात तो झालरीच्या सदऱ्यात बँडसकट दिसतोही. दिसतो, पण बोलतो किती? मुखडा संपला, अंतरा सुरू व्हायचाय, तेवढ्या मधल्या जागेत काही सेकंद. तबकडी तीन मिनिटांची. त्यात गाणाऱ्यानं गायचं, नाचणाऱ्यानं नाचायचं, उरलेल्या फटीत ट्रंपेटनं श्वास घ्यायचा. 'नादान'ला त्यानं स्वतःच्या नावानं संगीत दिलं खरं, पण लोकांच्या कानात राहिला तो फटीतलाच. 1967 साली गेला.

आता मॉर्गन. फिलाडेल्फियाचा काळा पोरगा, जन्म 1938. अठराव्या वर्षी डिझी गिलेस्पीच्या बँडात, आणि त्याच वर्षी ब्लू नोट कंपनीत स्वतःच्या नावाची रेकॉर्ड. 21 डिसेंबर 1963 रोजी 'साइडवाइंडर' ध्वनिमुद्रित झाली तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पाचही रचना त्याच्याच. साइडवाइंडर म्हणजे वाळवंटात आडवा सरपटणारा विषारी साप. आपल्या वरातीत 1954 च्या 'नागिन'पासून साप डोलतोच आहे, पण तो पुंगीपुढं डोलतो. हा पुंगीला विचारत नाही.

पहिली रचना दहा मिनिटांच्या वर. बॉब क्रॅन्शॉचा बास आणि बॅरी हॅरिसचा पियानो ठेका धरतात, बिली हिगिन्सचे ड्रम खालून ढकलतात, मग ट्रंपेट आणि जो हेंडरसनचा सॅक्सोफोन मिळून धून मांडतात. ब्लूज नेहमी बारा मात्रागटांचा. इथं चोवीसांचा केलाय. म्हणजे बोलायला जागा दुप्पट. आणि मग मॉर्गन एकटा बोलतो. घाई नाही. वाक्य टाकतो, थांबतो, चिडवतो, सूर तिरका करून सोडतो. ओळखीच्या एका बँडवाल्याला ऐकवली तर तो म्हणे, "बटन अर्धंच दाबते बाप्पा हा! अन् येवढा वेळ एकट्यालेच फुकू देतेत काय गा?" समीक्षा म्हणतात ती हीच. पहिल्या वाक्यात कारागिरी पकडली, दुसऱ्यात समाज.

हार्ड बॉप म्हणजे तरी काय? पन्नाशीच्या दशकात जॅझ बराच थंड, धुतलेला होत चालला होता. काळ्या तरुणांनी त्यात चर्चमधली आरोळी आणि ब्लूजचा घाम परत आणला. आपल्या लेखकांनी बोलीला छापील पानावर आणलं, ते काम याच जातीचं.

गंमत अशी की ही रेकॉर्ड तुफान खपली. क्रायस्लर या मोटार कंपनीनं तिची धून न विचारता टीव्हीच्या जाहिरातीत वापरली. मॉर्गननं कोर्टाची धमकी दिली तेव्हा ती थांबली. पुढं 1970 साली हाच माणूस रोलंड कर्कबरोबर टीव्हीच्या कार्यक्रमांत घुसून, काळ्यांचं संगीत इथं का नाही, म्हणून शिट्ट्या फुंकणाऱ्यांत होता. म्हणून त्याला नुसता लोकप्रिय धूनवाला म्हणून निकालात काढणारे समीक्षक मला पटत नाहीत.

सगळंच मात्र सारखं नाही. 'टोटेम पोल' मला गाजलेल्या धुनेपेक्षा खोल वाटते. तिच्यात काळोख आहे. शेवटची 'होकस पोकस' हुशार आहे, पण घसरून जाते, मागं काही ठेवत नाही. आणि खपाचा खरा त्रास नंतर सुरू झाला. कंपनीला तसलाच दुसरा साप पाहिजे होता. 1965 ला ध्वनिमुद्रित झालेल्या 'द रंपरोलर'ची पहिली धून तर मॉर्गनची नाहीच, अँड्र्यू हिलची आहे, पण साचा तोच. घोड्यापुढं नाचणारे वऱ्हाडी पाचाची नोट नाचवत पुन्हा 'नागिन'च लाव म्हणतात, तसंच ते झालं.