अतिरिक्त न्यायाधीशांची ‘कायमता’ : लळित ते गनेडीवाला

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाला ज्यांचे नाव आहे, ते लॉर्ड रे 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत, 1889 मध्ये, काशिनाथ त्रिंबक तेलंग मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेलंगांच्या आधी त्या न्यायासनावर बसलेले पहिले भारतीय नानाभाई हरिदास. त्यांना 1873 पासून वेळोवेळी हंगामी न्यायाधीश म्हणून बसविण्यात आले आणि कायम नेमणूक 1884 मध्ये मिळाली. ‘हंगामी’ आणि ‘कायम’ ही शब्दजोडी आपल्या उच्च न्यायालयाला अशी जुनीच परिचयाची आहे.

आज रे रोडच्या पूर्वेला दारूखाना आणि कौला बंदर या वस्त्या पसरलेल्या आहेत. येथील बहुतेक जमीन बंदराची, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची आणि आताच्या मुंबई बंदर प्राधिकरणाची. तेथून येणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकविताना न्यायपालिकेचे प्रकरण कोरडे राहत नाही, कारण घर रिकामे करण्याची नोटीस त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेली असते. एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “सर, आमदाराला आपण पाच वर्षांनी विचारतो. न्यायाधीशाला कोण विचारतं?” पाठ्यपुस्तकातील उत्तर तयार होते : महाभियोगाची प्रक्रिया, कलम 217, वयाची बासष्ट वर्षे. ते दिले. परंतु ते अपुरे आहे, हे सांगतानाच जाणवत होते. उच्च न्यायालयात नव्याने येणाऱ्या न्यायाधीशाला आपल्याकडे दोन वर्षांनी खरोखरच ‘विचारले’ जाते. कोण विचारतो आणि काय विचारतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

मतपत्रिकेवरील न्यायाधीश

अमेरिकेतील अनेक घटकराज्यांत वरिष्ठ न्यायालयांच्या न्यायाधीशांना ठरावीक मुदतीनंतर मतदारांसमोर जावे लागते. त्यांच्याविरुद्ध कोणी उमेदवार नसतो. मतपत्रिकेवर एवढाच प्रश्न असतो : अमुक न्यायाधीशांना पदावर ठेवावे काय? होय किंवा नाही. याला आपण सोयीसाठी पदधारणा मतदान म्हणू. कॅलिफोर्नियाने ही पद्धत 1934 मध्ये स्वीकारली. 1940 मध्ये मिसुरी राज्याने तिला गुणवत्तेवर आधारित निवडीची जोड दिली आणि पुढे अनेक राज्यांनी तेच अनुकरण केले. पक्षीय निवडणुकीचा गोंगाट नको आणि तहहयात नेमणुकीची बेपर्वाईही नको, असा मधला मार्ग म्हणून ती सुचविली गेली होती.

बहुतेक वेळा मतदार ‘होय’ म्हणतात. अपवाद मात्र बोलके आहेत. 1986 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी देहदंडाविषयीच्या निकालांवरून पदावरून गेले. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली. पुढच्याच वर्षी त्यांतील तीन न्यायाधीश मतदानासमोर आले आणि तिघेही हरले. त्यांच्या विद्वत्तेविषयी वा सचोटीविषयी तक्रार नव्हती. तक्रार एका निकालाविषयी होती.

हे वाचून आपण सहसा सुस्कारा टाकतो की, बरे झाले, आपल्याकडे असे नाही. हा सुस्कारा फार घाईचा आहे.

कलम 224 चा हेतू आणि वापर

घटनेच्या सातव्या दुरुस्तीने (1956) कलम 224 ला आजचे रूप आले. उच्च न्यायालयाच्या कामात तात्पुरती वाढ झाली किंवा काम तुंबले, तर दोन वर्षांपेक्षा अधिक नाही इतक्या मुदतीसाठी अतिरिक्त न्यायाधीश नेमता यावेत, एवढाच त्याचा हेतू. काम उरकले की जागा संपली. प्रत्यक्षात काम कधीच उरकले नाही. तुंबलेले खटले कायमचे झाले आणि ते निकाली काढणारा न्यायाधीश तेवढा तात्पुरता राहिला. उच्च न्यायालयात प्रवेश करणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती आधी ‘अतिरिक्त’ आणि मग ‘कायम’, हा शिरस्ता पडला. (महाविद्यालयीन वाचकांना परिवीक्षा काळ आणि त्यानंतरची कायमतेची फाईल यांचा अनुभव वेगळा सांगावयास नको. फरक इतकाच की, प्राध्यापकाला आपल्या संस्थेविरुद्धच्या खटल्याचा निकाल द्यावयाचा नसतो.)

अतिरिक्त न्यायाधीशाचे अधिकार कायम न्यायाधीशाइतकेच असतात. बंदराच्या जमिनीवरून काढण्याचा आदेश एस्टेट ऑफिसर देतो, त्यावर नगर दिवाणी न्यायालयात अपील होते आणि नंतर रिट अर्ज उच्च न्यायालयात येतो. तो अर्ज ज्यांच्यासमोर लागेल ते न्यायमूर्ती त्या दिवशी अतिरिक्त असू शकतात. समोरचा पक्ष केंद्र सरकारच्या अखत्यारीतील आणि न्यायमूर्तींच्या कायमतेची फाईलही त्याच केंद्र सरकारच्या टेबलावरून जाणारी. असे न्यायमूर्ती सरकारकडे झुकतात, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. अनेकांनी न झुकता निकाल दिले आहेत आणि त्यांतील एकाची हकीकत पुढे येतेच. प्रश्न त्यांना अशा स्थितीत का बसवावे, हा आहे.

1976 आणि 1981

उमेश रंगनाथ लळित 1974 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले. आणीबाणीच्या काळात त्यांनी काही राजकीय आरोपींना जामीन मंजूर केला. 1976 मध्ये मुदत संपली, तेव्हा त्यांना कायम करण्यात आले नाही. या दोन घटनांचा संबंध न्यायालयीन वर्तुळात आणि नंतरच्या लेखनात सर्वत्र गृहीत धरला जातो. ते पुन्हा वकिलीकडे वळले. दिल्लीत न्या. आर. एन. अगरवाल यांच्या वाट्यालाही हेच आले. कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात त्यांचा सहभाग होता.

पाच वर्षांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 18 मार्च 1981 रोजी केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना परिपत्रक पाठविले. अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या कोणत्याही उच्च न्यायालयात कायम नेमणूक घेण्याची संमती मिळवावी, असे त्यात म्हटले होते. मुंबईतील वकिलांनी, इक्बाल छागला यांच्या पुढाकाराने, मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. त्याच सुमारास दिल्लीत न्या. वोहरा, न्या. एस. एन. कुमार आणि न्या. एस. बी. वाड या तीन अतिरिक्त न्यायाधीशांना अवघी तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. जूनमध्ये वाड यांना आणखी एक वर्ष मिळाले, बाकी दोघे गेले. न्यायाधीशाला तीन महिन्यांच्या हप्त्याने पदावर ठेवणे ही कल्पनाच आज विलक्षण वाटते.

हे सारे अर्ज एकत्र होऊन 30 डिसेंबर 1981 रोजी एस. पी. गुप्ता खटल्याचा निकाल लागला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो ‘पहिला न्यायाधीश खटला’ म्हणून पाठ असतो आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरकारला वरचढपणा देणारा म्हणून पुढे त्याज्यही ठरतो. 1993 च्या निकालाने तो वरचढपणा काढून घेतला. या चौकटीमुळे त्यातील अतिरिक्त न्यायाधीशांविषयीचा भाग सहसा वाचलाच जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते निकालपत्रातील सर्वांत अस्वस्थ करणारी पाने तीच आहेत.

तेथे न्यायालय दोन गोष्टी एकाच वेळी म्हणते. अतिरिक्त न्यायाधीश हा परिवीक्षाधीन नोकर नव्हे. कलम 224 चा वापर मूळ हेतूपासून ढळला आहे, हेही न्यायालयाला दिसते. म्हणून अशा न्यायाधीशाचा पुढील नेमणुकीसाठी विचार होणे, सल्लामसलत होणे, हा त्याचा हक्क मानला जातो. परंतु नेमणूक मिळण्याचा हक्क नाही. विचार करा आणि नको म्हणा, एवढी मोकळीक उरतेच. हक्काची भाषा वापरूनही हाती जे येते ते परिवीक्षेहून फारसे वेगळे नाही. शेवटी बहुमताने न्या. कुमार यांना न ठेवण्याचा निर्णय कायम राहिला. त्यांच्याविषयी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे मत अनुकूल होते आणि दिल्लीच्या मुख्य न्यायाधीशांचे प्रतिकूल, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

ते ठाऊक आहे, याचेही श्रेय याच निकालाला द्यावे लागते. पत्रव्यवहार गोपनीय ठेवण्याचा सरकारचा दावा न्या. भगवती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेटाळला आणि ती पत्रे उघड झाली. माहितीच्या अधिकाराच्या इतिहासात हा निकाल म्हणूनच उद्धृत होतो. कारणे पटोत वा न पटोत, निदान ती वाचता येतात.

नागपूर, जानेवारी 2021

न्या. पुष्पा गनेडीवाला जिल्हा न्यायपालिकेतून आल्या आणि फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायाधीश झाल्या. 19 जानेवारी 2021 रोजी नागपूर खंडपीठात त्यांनी बारा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराच्या खटल्यात निकाल दिला. पॉक्सो कायद्याच्या कलम 7 मधील ‘शारीरिक संपर्क’ म्हणजे त्वचेचा त्वचेशी स्पर्श, असा अर्थ लावून त्यांनी त्या कायद्याखालील शिक्षा रद्द केली आणि भारतीय दंड संहितेखालील एक वर्षाची शिक्षा ठेवली. तो अर्थ चुकीचा होता, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. बालकांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यातून कपड्याच्या जाडीएवढी पळवाट काढणे कोणत्याही अर्थनिर्णयाच्या नियमात बसत नाही. त्याच आठवड्यातील त्यांचा आणखी एक निकाल याच कायद्याचे क्षेत्र आकुंचित करणारा होता.

यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. 20 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने त्यांना कायम करण्याची शिफारस केली होती. 27 जानेवारीला महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी विषय उपस्थित केल्यावर सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या त्या भागास स्थगिती दिली. महिना संपेपर्यंत न्यायवृंदाने शिफारस मागे घेतली. अतिरिक्त म्हणून दोन वर्षे द्यावीत असे सुचविले गेले. सरकारने एकच वर्ष दिले. 18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचेचा स्पर्श नव्हे, हे स्पष्ट झाले. डिसेंबरमध्येही कायमतेची शिफारस झाली नाही आणि फेब्रुवारी 2022 मध्ये, मुदत संपण्याच्या सुमारास, गनेडीवाला यांनी राजीनामा दिला.

नोव्हेंबरच्या त्या निकालपीठाचे अध्यक्ष न्या. उदय उमेश लळित होते. 1976 मध्ये ज्यांना कायम केले नाही त्या न्यायाधीशांचे ते चिरंजीव. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयांसाठीच्या तीन सदस्यीय न्यायवृंदातही सरन्यायाधीश रमणा यांच्यानंतर तेच ज्येष्ठ होते. यात कोणताही दोष सुचवायचा नाही. अपील ऐकणे आणि चुकीचा निकाल दुरुस्त करणे हे त्यांचे कर्तव्यच होते. परंतु एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांत ही यंत्रणा दोन्ही बाजूंनी दिसून आली, हे टिपून ठेवण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील सुशिक्षितांनी, आम्ही प्राध्यापकांनीही, 2021 मध्ये शिफारस मागे घेतल्याचे स्वागत केले. 1976 ची हकीकत मात्र आपण न्यायपालिकेवरील आघात म्हणून शिकवितो. दोन्ही निकालांची नैतिक प्रत सारखी नाही. एकाने नागरिकांच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली, दुसऱ्याने एका मुलीला कायद्याचे संरक्षण नाकारले. तरीही दोघांना ज्या दारातून बाहेर जावे लागले ते दार एकच आहे. ते दार आपल्याला नको असलेल्या न्यायाधीशासाठीच उघडेल, अशी हमी आपण कोणाकडून घेणार?

येथे एक रास्त आक्षेप येतो. दोन वर्षांच्या कामावरून न्यायाधीशाची योग्यता जोखणे गैर कसे? निकालांचा दर्जा हाच तर कामाचा पुरावा. आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. अनेक निकाल वाचून, एखाद्या कायद्याचे आकलनच सदोष आहे असे आढळले, तर तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला तरी हवाच. पण मग ते म्हटले जावे. 2021 मध्ये काय म्हटले गेले? न्यायवृंदाच्या प्रसिद्ध निवेदनांत शिफारशी होत्या, त्यांची कारणमीमांसा नव्हती. एक वाईट निकाल पुरेसा ठरला की अनेक निकाल तपासले गेले, संबंधित न्यायाधीशांना काही विचारले गेले काय, सरकारने दोनाचे एक वर्ष कशासाठी केले, यांपैकी कशाचेही उत्तर लिखित स्वरूपात नागरिकासमोर नाही. 1981 मध्ये पत्रे उघड करायला लावणाऱ्या न्यायसंस्थेने, स्वतःच्या हाती अधिकार आल्यावर, तेवढेही केले नाही.

या कसोटीवर अमेरिकेची तुलना उलटी फिरते. कोलोरॅडो किंवा युटासारख्या राज्यांत पदधारणा मतदानापूर्वी न्यायाधीशाच्या कामाचे लेखी मूल्यमापन प्रसिद्ध होते. वकील, पक्षकार, न्यायालयीन कर्मचारी यांची मते त्यात असतात. आयोवातील मतदारांनी न्यायाधीशांना घालविले ते एका निकालासाठी, हे वाईटच. परंतु कोणी घालविले आणि कशासाठी, हे सर्वांना माहीत होते. आपल्याकडे मतदान होते, मतदार तीन-चार असतात आणि मतमोजणीचा कागद कोणाला दिसत नाही. जपानी राज्यघटनेच्या कलम 79 खाली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवर जनतेचे मत घेतले जाते. त्यात आजवर कोणी गेलेले नाही. तो निव्वळ उपचार म्हणता येईल, पण निरुपद्रवी उपचार.

न्यायाधीशांना मतपेटीसमोर उभे करावे, असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. विद्यार्थिनीला दिलेले उत्तरही मागे घ्यायचे नाही. दुरुस्ती त्याहून साधी आहे आणि तिला घटनादुरुस्तीची गरज नाही. जागा रिक्त असताना पहिलीच नेमणूक कलम 217 खाली कायम स्वरूपाची करावी. योग्यतेची सारी छाननी शपथेपूर्वी व्हावी. चुकलेल्या निकालासाठी अपील आहेच. नागपूरच्या प्रकरणात ते दहा महिन्यांत फळाला आले. कलम 224 त्याच्या मूळ, अपवादात्मक कामापुरते उरावे.

गनेडीवाला यांच्या हकीकतीला आणखी एक टोक आहे. राजीनाम्यानंतर त्यांना निवृत्तिवेतन नाकारण्यात आले आणि त्या मुंबई उच्च न्यायालयात पक्षकार म्हणून आल्या. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने त्यांचा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या निवृत्तिवेतनाचा हक्क मान्य केला. वाद राजीनामा म्हणजे निवृत्ती काय, एवढ्यापुरता होता. त्यांना कायम का केले नाही, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता.