पाळण्यामागील मन

कर्जत तालुक्यातील शेलूस एखाद्या घरी बारसे असले, म्हणजे पाळणा बाळाचा, गाणे बाळाचे आणि कौतुकही बाळाचेच. कान बांधून बसलेल्या बाळंतिणीस ‘तुझे मन कसे आहे?’ असे विचारणारे विरळा. आमच्या साहित्याची रीतही याहून फारशी निराळी नाही. ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाच्या थोरवीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या माउलीचे दुःखही आपणांस मुलाच्या स्मरणातूनच भेटते. तिची हकीकत सांगणारी ती स्वतः नव्हे.

हा केवळ कलेचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत (२००२) प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ माता खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या आढळल्या. दारिद्र्य, पतीशी बेबनाव व मुलाची आस असता झालेली मुलगी, यांचा त्या विकाराशी संबंध दिसला. २००३ च्या त्यांच्या निबंधानुसार अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजन, लांबी व मानसिक वाढ यांत मागे पडलेली होती. म्हणजे आईची विचारपूस ही बाळाचीच शुश्रूषा होय.

जात्यावरच्या ओवीत बाईने आपले मन स्वतः उघडे केले होते. घरोघरचे जाते थांबले. ती जागा आमच्या गद्याने भरून काढावयास हवी होती. मातृत्वाची स्तोत्रे पुष्कळ झाली. आता बाळंतिणीस बोलू द्यावे, एवढेच आमचे लेखकांपाशी मागणे आहे.