जँगो, कॅस्केड आणि आमची विहीर

आमच्या लॅबचं भूजल-नोंदींचं पोर्टल एका एजन्सीने जँगो वापरून बनवलं. जँगो 2003 साली कॅन्सासमधल्या एका वृत्तपत्राच्या ऑफिसात जन्मलं, 2005मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. डेटाची रचना लिहून दोन-चार ओळी जोडल्या की नोंदी भरायचं ॲडमिन पान जवळजवळ आयतंच मिळतं. संपादकांच्या घाईला हे झकासच!

पण जँगोचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की ॲडमिन संस्थेच्या अंतर्गत कामापुरतं आहे, अख्खी साइट त्यावर उभारू नका. एजन्सीने नेमकं तेच केलं. (बिल मात्र पूर्ण साइटचं.) गावातल्या स्वयंसेवकांनाही तेच पान, पुसायच्या अधिकारासकट.

खरी गोम पुढे आहे. विहीर पुसली तर तिच्या पाणीपातळीच्या नोंदींचं काय करायचं, हे जँगो 2.0पासून कोडमध्ये लिहावंच लागतं. एजन्सीने सवयीने 'कॅस्केड' लिहिलं, म्हणजे सगळंच पुसा. एक विहीर चुकून दोनदा नोंदवली गेली होती. स्वयंसेवकाने त्यातली नको ती पुसली आणि तीन पावसाळ्यांच्या नोंदी गेल्या. ॲडमिनने आधी यादी दाखवून विचारलं होतं, हे खरं. पण इंग्रजीतली ती लांबलचक यादी कोण वाचतंय? तिथे 'प्रोटेक्ट' लिहिलं असतं तर विहीर पुसलीच गेली नसती. एक शब्द! आम्हाला कुणी विचारलंही नाही.

सध्या फील्डच्या वह्यांतून त्या नोंदी पुन्हा भरतेय. दुसऱ्या पावसाळ्याची वही भिजलेली आहे.