घरांतला परका

हृदयारोपणाविषयीं जें लिहिलें जातें त्यांत शस्त्रवैद्य हा बहुधा नायक असतो, आणि नवें हृदय उरांत धडधडूं लागलें कीं कथेवर पडदा पडतो. फ्रेंच तत्त्वचिंतक झाँ-ल्यूक नान्सी यांचें ‘लँत्र्यू’ हें इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झालेलें छोटेखानी पुस्तक नेमकें त्या पडद्यामागें सुरू होतें. ‘आगंतुक’ हा या नांवाचा सौम्य अर्थ. ‘न बोलावतां घरांत घुसलेला’ हा खरा. ग्रंथकारांस पन्नाशीच्या सुमारास, १९९१ च्या आसपास, दुसऱ्याचें हृदय बसविण्यांत आलें. पुढें सुमारें दहा वर्षांनीं त्यांनीं हा अनुभव लिहिला.

पुस्तकाचें मर्म कळण्यास एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. आपलें कोण व परकें कोण हें शरीर पेशींवरील खुणांवरून ओळखतें, आणि परक्यावर रक्तांतील पांढऱ्या पेशी चालून जातात. दुसऱ्याचें हृदय कितीहि निरोगी असो, या पहारेकऱ्यांच्या दृष्टीनें तें शत्रूच होय. वैद्यकास हृदयाचें परकेपण घालवितां येत नाहीं; म्हणून तें पहारेकऱ्यांनाच गुंगी आणतें. परंतु गुंगलेला पहारेकरी चोरालाहि अडवीत नाहीं. मनुष्याचें हृदय मनुष्यास बसविण्याचा पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९६७ रोजीं केप टाउन येथें डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीं केला. रोगी लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले व न्युमोनियानें गेले. पुढें १९८० नंतरच्या दशकांत एका बुरशीपासून मिळणारें सायक्लोस्पोरिन हें औषध सर्रास वापरांत आलें, तेव्हां कोठें हा पहारा अधिक नेमकेपणानें आवरतां येऊं लागला.

हें ऋण नान्सी मानतात. हाच आजार वीस वर्षें आधीं जडता तर आपण वांचलों नसतों, हें ते जाणून आहेत. पण कृतज्ञतेनें ते आपली दृष्टि गढूळ होऊं देत नाहींत. पहारा शिथिल होतांच देहांत पूर्वींपासून दबून बसलेले विषाणु डोकें वर काढतात, नागीण उठते, पुढें लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो, आणि तोहि उपचाराच्याच पोटीं. मग घुसखोर कोण? बाहेरून आलेलें हृदय, तें राखणारें औषध, कीं स्वतःच्याच देहांत वाढलेला रोग? हा प्रश्न पायरीपायरीनें चढत जातो, हा पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण. हृदय हें प्रेमाचें आसन, या समजुतीचा आधार घेऊन वाचकास रडविण्याचा मोहहि त्यांनीं टाळला आहे.

आतिथ्याविषयींचा त्यांचा विचार आपल्याकडील वाचकास विशेष चटका लावील. पाहुण्यास आपण देव मानतों खरें. पण तो चार दिवसांनीं जाईल हें मनांत धरलेलें असतें. जो कधींच जावयाचा नाहीं आणि आपलाहि व्हावयाचा नाहीं, त्याचें काय? परक्याचें परकेपण न पुसतां त्यास जागा देणें म्हणजे स्वतःचें कांहीं गमावणें होय, हें या पुस्तकानें जितक्या उघडपणें दाखविलें आहे तितकें क्वचितच कोणी दाखविलें असेल.

तथापि दोन ठिकाणीं आमचा मतभेद आहे. घुसखोर म्हणजे मीच, किंबहुना मनुष्य हाच घुसखोर, येथवर ते शेवटीं येऊन पोंचतात. ही उडी फार लांबची आहे. एका देहाच्या अनुभवानें मिळविलेला नेमकेपणा तींत विरून जातो. दुसरें असें कीं, उपचाराकडे ते मुख्यतः आपल्यावर कोसळलेली गोष्ट म्हणून पाहतात. वस्तुतः हें औषध जन्मभर, ठरल्या वेळीं घ्यावयाचें असतें. मात्रा कमी पडली तर शरीर हृदयावर उठतें; अधिक झाली तर मूत्रपिंडें झिजतात व संसर्ग बळावतो; म्हणून रक्त वारंवार तपासून ती ठरवावी लागते. बरींच वर्षें सुखाचीं गेलीं कीं ‘आतां काय होणार’ म्हणून गोळी सोडण्याचा मोह होतो, आणि तेथेंच घात होतो. कारण शरीर परक्यास सहसा विसरत नाहीं. तेव्हां रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घेणारा रोगी हा केवळ आक्रमण सोसणारा नव्हे. पाहुण्यास रोज नव्यानें ‘राहा’ म्हणणारा तो यजमान आहे. आणि त्याच्यासाठीं घड्याळाकडे पाहणारें, उघड्यावरचें अन्न घरीं न आणणारें, सर्दी झाली तर दूर बसणारें सारें घर त्याच्याबरोबर यजमान असतें. त्या माणसांना या पुस्तकांत फार थोडी जागा मिळाली आहे. संकल्पाची ही बाजू आली असती तर पुस्तक अधिक पूर्ण झालें असतें.

असो. कंसांनीं व पोटवाक्यांनीं भरलेली यांतील भाषा वाचकाकडून धीर मागते. पण तो वायां जात नाहीं. नान्सी ऑगस्ट २०२१ मध्यें, वयाच्या ८१ व्या वर्षीं वारले. ज्या हृदयास त्यांनीं घुसखोर म्हटलें त्यानें त्यांना सुमारें तीस वर्षें साथ दिली. एवढा दीर्घ सहवास केवळ शस्त्रवैद्याच्या कौशल्यानें घडत नाहीं; रोजच्या रोज पाळलेल्या यजमानपणाचाहि त्यांत वांटा असतो. हें ध्यानांत ठेवून पुस्तक वाचावें, म्हणजे त्याच्या कठोर नांवाआड दडलेला जिव्हाळाहि दिसूं लागेल.